डावा कोपरा

चुन्याची ओली रेघ. मलमाचा उग्र वास. विटलेली निळी नी-कॅप. मातीवर ठेवलेला झेंडूचा हार.

कॉलेजच्या मैदानावर त्याच्या आठवणीसाठी कबड्डीचा सामना होता. पहिल्या चढाईला त्याचा डावा कोपरा रिकामा ठेवायचा, असं जुन्या चाहत्यांनी ठरवलं होतं. चढाईपटू आला, पण हार ठेवलेल्या त्या कोपऱ्याकडे पाय टाकायला धजलाच नाही. टक्कल पडलेल्या प्रेक्षकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या.

मालन पुढच्या खुर्चीवर नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसली होती.

"वैनी, आम्ही ह्याला घोरपड म्हणायचो," शेजारी बसलेला, त्याच्या जुन्या संघातला बाबर म्हणाला. "घोटा धरला की सुटायचा विषयच नाही. विद्यापीठाच्या फायनलला चौघं लंगडत घरी गेले. तुम्हीच कशा सापडलात कोण जाणे."

मागची रांग हसली. मालनही हसली.

मग बाबरचा आवाज खाली आला. "पण दोन वर्षं गड्यानं आम्हाला दारात उभं केलं नाही. आमचं काही चुकलं का?"

यांना काही कळू देऊ नकोस, असं नवऱ्यानं बजावलं होतं.

"तुमचं काही नाही चुकलं, भावजी. दमले होते."

"पकड मात्र तशीच असणार."

"तशीच," मालन म्हणाली. "माझा हात धरला की सोडायचे नाहीत."

बाबरनं समाधानानं मान डोलावली.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या पहाटे, त्याच्या हातातून चहाचा कप पहिल्यांदा निसटला होता.