गप्प राहणारा बाला

"आता नीट ऐका, मिसेस नाडगौडा," म्हणत वकीलबाई मिसेस व्हिटलॉकनी कॅसेट मशीनमध्ये सरकवली. "त्या गॅरेजमध्ये तिघं आहेत. तुमचा नवरा, त्याचा मित्र अतुल आणि बाला. बाला एक शब्द बोलत नाही. फार सावध माणूस."

वीणाने मान हलवली. तिची नजर टेबलाच्या कोपऱ्यावर होती. कोपरा चांगलाच टोकदार होता, तीन वर्षांच्या पोराच्या कपाळाला लागेल अशा उंचीवर. भिंतीतल्या प्लगला झाकण नव्हतं. तिचा अजय बरोबर नव्हता, तरी नजर जायची तिथे गेलीच. नवऱ्याला शिक्षा झाल्यापासून तिचं तेवढंच काय ते चालू होतं. बाकी सगळं दाताच्या डॉक्टरने सुई टोचलेल्या गालासारखं. आपलंच, पण चावलं तरी कळायचं नाही.

अमली पावडरीचं शशिधरने कबूल केलं होतं. लंडनजवळ स्लाऊच्या ज्या गोदामात तो मॅनेजर होता, तिथूनच ती पुढे जायची. त्याबद्दलची वर्षं तो मुकाट्याने भोगत होता. अपील होतं पिस्तुलाबद्दल. पिस्तूल अतुलच्या गॅरेजमध्ये सापडलं आणि ते शशिधरनेच तिथे नेलं असं धरून कोर्टाने त्याची शिक्षा जवळजवळ दुप्पट केली. पोलिसांनी गॅरेजमध्ये लपवलेल्या मायक्रोफोनवर तर तो स्वतःच सांगत होता, की वस्तू बालाकडे आहे. पण बाला काही सापडला नाही, आणि असा कोणी माणूसच नाही, असं जजनी ठरवून टाकलं.

"पोलिसांनी टूटिंगच्या तमिळ वस्तीतले सगळे बाला पालथे घातले," मिसेस व्हिटलॉक म्हणाल्या. "एका डोसेवाल्याला दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा बिचारा डोसेच घेऊन आला."

वीणाला हसू यायला हवं होतं.

"आणि हे वाक्य बघा. तुमचा नवरा म्हणतो, 'बाला उठला, तर धडगत नाही आपली.' म्हणजे बाला तिथेच झोपला होता आणि हे दोघं त्याला टरकून होते. कोणीतरी बडं प्रस्थ असणार. त्याला पाहिलेला एक जरी साक्षीदार मिळाला, तरी पिस्तुलाची वर्षं गेलीच म्हणून समजा."

साक्षीदार म्हणजे वीणा. तुरुंगातल्या मागच्या भेटीत शशिधर टेबलावरून पुढे झुकून म्हणाला होता, "एवढंच सांग, की तो आपल्या घरी येऊन गेला. उंच, सावळा. जास्त कोणी खोदत नाही."

"पण मी कुठे पाहिलंय त्याला?"

"अगं, माझ्यासाठी नको. अजयसाठी तरी."

एजवेअरहून सासूबाईंचाही फोन आला होता. "एवढी शिकलेली तू, चार वाक्यं बोलायला काय होतंय गं? पावडरीला भुलला असेल तो. पण पिस्तूल? आमच्या घरात नारळ फोडायलासुद्धा शेजाऱ्यांना हाक मारतात."

वीणा दोघांनाही बरं म्हणाली होती. नाही म्हणायला जे लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

खटल्यात ही टेप कोणी लावलीच नव्हती. एजन्सीच्या दुभाष्याने केलेलं इंग्रजी भाषांतर तेवढं वाचून दाखवलं होतं. मिसेस व्हिटलॉकना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. "बालाचा नुसता खोकला जरी ओळखीचा वाटला, तरी सांगा," म्हणत त्यांनी बटण दाबलं. "तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला शनिवार. दुपार."

आधी खरखर. मग शटर वर गेल्याचा आवाज. मग अतुल, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"आणलीस ना वस्तू? कुठंय?"

"बाळाकडे."

वीणाची मान वर झाली. शशिधर 'बाला' म्हणाला नव्हता.

"अरे, मग काढ ना."

"गादीखाली आहे. थांब, तू नको, मी काढतो. हळू रे! बाळ उठलं, तर धडगत नाही आपली."

कुठेतरी स्प्रिंग कुरकुरली. आणि दोघा पुरुषांच्या दबलेल्या श्वासांखाली तिला तिसरा श्वास ऐकू आला. भरलेल्या नाकाचा, आखूड, मध्येच अडकणारा. त्या हिवाळ्यात ती रात्र रात्र तो श्वास मोजत पाळण्याशी बसली होती.

त्या दुपारी शशिधरने स्वतः बाळाला टोपडं घातलं होतं. "तू पड जरा. आम्ही बापलेक फिरून येतो." प्रॅमची गादी तिनेच थोपटून सारखी केली होती, आणि त्यानेही वर एकदा हात फिरवला होता. कितीतरी दिवसांनी ती गाढ झोपली होती. नवरा किती करतो घरात, हे नंतर तिने एजवेअरला फोन करून सासूबाईंनाच कौतुकाने सांगितलं होतं.

टेप थांबली. मिसेस व्हिटलॉकनी पेनाचं टोपण काढलं.

"काही ओळखीचं वाटलं?"

"हो," वीणा म्हणाली. आवाज तिचाच होता, सपाट. "बालाला मी ओळखते."

मिसेस व्हिटलॉक खुर्चीत पुढे सरकल्या. "खात्री आहे? कोर्टात शपथेवर सांगाल?"

"सांगेन."

"गुड. व्हेरी गुड. मग पहिला प्रश्न ते हाच विचारणार. सध्या कुठे असतो हा माणूस?"

वीणा उठली. तिने कोटाची बटणं लावली, खालून वरपर्यंत, एकेक करून.

"नर्सरीत," ती म्हणाली. "मला त्याला आणायला जायचंय."