दोघांचा एकच नंबर

वैभवने गेटवेची वायर सॉकेटमधून उपटली. हिरवे दिवे विझले, आतला पंखा थांबला. तरी लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत उत्तरं येतच राहिली. ज्या नंबराला तो हाक मारत होता तो नंबर याच यंत्राचा, आणि यंत्र तर त्याच्या पुढ्यात मेलेलं पडलं होतं.

मग ओ कोण देत होतं?

चार वाजता इंटरव्ह्यू होता. नोकरी गेल्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत पोचलेला हा एकच. याआधी दोनदा तो बोलता बोलता पडद्यावर गोठला होता आणि तिकडच्या बाईंनी मेलमध्ये लिहिलं होतं, पुढची वेळ ही शेवटची. खरं म्हणजे ती नोकरी सर्व्हर सांभाळायचीच होती. ज्याला घरातलं एक डबडं सांभाळता येत नाही त्याच्या हातात आपले सर्व्हर कोण देईल, एवढं मात्र बाईंनी लिहिलं नव्हतं. बाई सभ्य होत्या.

मोबाईलच्या नेटवर मुलाखत द्यावी तर काळाचौकीतल्या त्या खोलीत सिग्नलची धड एक कांडीही टिकत नसे. दुकानात मिळतो तसला साधा राउटर घ्यावा तर त्यात वैभवला कमीपणा वाटायचा. त्याने जुने भाग जुळवून, लिनक्स घालून स्वतःचा गेटवे बनवला होता. घरातलं सगळं नेट त्यातूनच यायचं. सकाळी ते सुरळीत चाले, दुपारी कधी जाई, कधी जात नसे. त्याने केबल बदलली, कार्ड बदललं, नेटवाल्याला फोनवर चार शब्द सुनावले. काखेत कळसा नि गावाला वळसा.

आता तो जमिनीवर बसला आणि प्रत्येक वायर हाताने चाचपत तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. सगळ्या वायरी जुळतात त्या वेगळ्या डबीतून निघालेली एक करडी वायर तांदळाच्या डब्यामागून वर चढून प्लायवूडच्या भोकात शिरत होती.

प्लायवूडच्या पलीकडे हितेंद्र राहायचा, त्याचा मोठा भाऊ. चाळ पाडून नवी इमारत होणार, तिच्या कागदावर कुणाचं नाव लागणार यावरून दोघांचं वाजलं आणि खोलीच्या मधोमध ते प्लायवूड उभं राहिलं. तेव्हापासून बोलणं बंद. वाटणीत टीव्ही वैभवकडे आला, जुना कॉम्प्युटर हितेंद्रकडे गेला. एकत्र होते तेव्हा तोच कॉम्प्युटर घराचा गेटवे होता आणि नेटवरच्या पत्त्याचा हा नंबर त्याला वैभवनेच कायमचा चिकटवला होता. नवीन यंत्रालाही त्याने सवयीने तोच दिला.

पहिली पाळी करून हितेंद्र घरी यायचा, कॉम्प्युटर लावायचा, आणि दोन्ही यंत्रं एकदम म्हणायची, मीच या घराचा दरवाजा. एका म्यानात दोन तलवारी.

पण ही वायर तर वैभवने प्लायवूड ठोकलं त्याच दिवशी उपटून टाकली होती.

"आई, ही कोणी जोडली?"

मीराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मीच."

"कशाला पण?"

"हितू म्हणत होतो, मोबाईलचा नेट पुरना नाय. माका वाटला, पाणी एकाच नळाचा येता दोघांका, तसा ह्या पण येयत. वायर लोंबत होती. खंय बसता ता बघलंय नि घातलंय."

"मग आलं त्याला नेट?"

"खंयचा. तो पण रोज कपाळार हात मारून घेता."

वैभवला राग आला. आधी आईचा. मग हितेंद्रचा. रोज बंद नेटसमोर बसून राहिला, पण एकदा प्लायवूड वाजवून विचारलं नाही. आपणही विचारलं नसतं, हे लक्षात आल्यावर तो जास्तच चिडला.

त्याने करड्या वायरीचं टोक खेचून काढलं आणि गेटवे पुन्हा लावला. उत्तरं एका लयीत येऊ लागली, एकही चुकेना. काम झालं होतं. मीराबाईंनी लोंबणाऱ्या टोकाकडे एकदा पाहिलं आणि त्या परत तांदळातले खडे शोधू लागल्या.

पलीकडून थाप ऐकू आली. मग आणखी एक. जुन्या टीव्हीला मारतात तसा हितेंद्र कॉम्प्युटरला तळहाताने मारत होता.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक ओळ बदलली की दोघांनाही नेट मिळालं असतं. वैभवने ती इकडे बसूनही बदलली असती, पण वाटणी झाल्यावर हितेंद्रने पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलायचं. चारला अर्धा तास उरला होता. वायर परत जोडली आणि काही फसलं, तर आज तिसऱ्यांदा गोठायची वेळ. वैभव टोक हातात धरून उभा राहिला. थापा चालूच होत्या.

त्याने बोटाच्या पेराने प्लायवूडवर टकटक केली.

"दादा."

थापा थांबल्या.

"काय?"

"मशीन खराब नाहीये ते. मारू नको त्याला. एक लाइन बदलायचीय, मी इथून सांगतो. अक्षरं बारीक आहेत, नीट बघून टाइप कर."

"थांब जरा. चष्मा घेतो."

वैभव थांबला. हितेंद्रला चष्मा लागलाय हे त्याला माहीत नव्हतं.