पणजोबांचा कप

“आमचे पणजोबा याच कपातून चहा प्यायचे,” दर्शन म्हणाला आणि फळीवरचा कप त्याने दोन्ही हातांनी, देव उचलावा तसा खाली घेतला. जाड पांढरा कप, काठाला निळी रेघ, कान तुटलेला.

समीक्षाने वही उघडली तशी त्याची छाती आणखी फुगली. या बाईने मुंबईतली एकेचाळीस जुनी हॉटेलं शोधून काढली होती. कुठे झिजलेल्या संगमरवरावरून, कुठे नुसत्या आरशावरून ती हॉटेलाचं वय सांगायची म्हणे. आता तिच्या पुस्तकात मुंबईबाहेरचं एकच हॉटेल घ्यायचं होतं. ते आपल्या तालुक्यातलं असावं, म्हणून ती खेडला आली होती. दर्शनला ती जागा हवीच होती. हायवे चौपदरी झाल्यापासून मुंबईच्या गाड्या बाहेरच्या बाहेर पळायच्या. पुस्तकात नाव आलं की त्या आत वळतील, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पितळी किटल्या, काचेच्या बरण्या, शिसवी गल्ला असं सगळं दाखवून झालं होतं. हुकमाचा एक्का त्याने शेवटी काढला होता.

“पणजोबांचाच कशावरून?” तिने विचारलं.

“वेगळा असायचा ना, म्हणून. बाकीचे कप आत मोरीवर आणि हा एकटा बाहेर पडवीच्या कोनाड्यात. घरातल्या कुणी त्याला हात लावायचा नाही, असा दंडकच होता. जगबुडी नदीचं पाणी चढलं की गल्ल्याच्याही आधी आम्ही हा माडीवर नेतो, मॅडम. दसऱ्याला फूल वाहतो त्याला.”

समीक्षाबरोबर तिचे आजोबा आले होते. सहदेव गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, पाठ अजून ताठ. इतका वेळ खुर्चीत बसून ते मुकाट ऐकत होते, ते एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“फूल वाहता? आण बघू इकडे.”

त्यांनी कप हातात फिरवला आणि कान तुटला होता तिथे अंगठा ठेवला.

“हा कान मी तोडला. सहा वर्षांचा होतो. बापूस पाणी ओतत होता, मी धूत होतो. आपटला दगडावर.”

दर्शनला काही उमगेना. “पणजोबांचा कप तुम्ही कशाला धुवाल, गुरुजी?”

“तो तुझ्या पणजोबांचा नव्हताच रे. आमचा होता. आमच्या वाडीतल्या माणसांनी हॉटेलात पाऊल टाकायचं नाय. कोनाड्यातला कप आपण घ्यायचा, खाली धरायचा. तुझे पणजोबा वरनं चहा ओतायचे, शिवाशीव नको म्हणून. पिऊन झालं की आपणच धुवायचा नि परत कोनाड्यात ठेवायचा. तुमच्यातल्या कुणी हात लावायचा नाय, हे बाकी खरं सांगितलंस. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून बापसानं इथला चहाच सोडला. आणि तुम्ही आपले बसलात फुलं वाहत!”

दर्शनच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला लाज वाटली, अगदी कानशिलं तापवणारी. त्या लाजेच्या मागोमाग पुस्तक हातचं गेलं, ही धाकधूकही होतीच. ती नव्हती असं कशाला म्हणा. त्याने कपाकडे हात नेला.

“माफ करा, गुरुजी. मी फेकूनच देतो हा.”

“खबरदार!” आवाज थेट चौथीच्या वर्गातला होता. “फेकायला तुझा आहे काय तो?”

दर्शनने हात मागे घेतला.

“होता तिथंच ठेव. फूलही वाहत जा, नको कोण म्हणतो? फक्त खाली चिठ्ठी लाव. कप कुणाचा, बाहेर का ठेवायचे, सगळं लिही. माझ्या बापसाचं नाव रघू.”

दर्शनने बिलबुकातला कागद फाडला आणि उभ्याउभ्याच लिहून काढलं. गाळलं काही नाही. गुरुजींनी कागद दोनदा वाचला आणि मान हलवली. मग कुठे धीर करून दर्शनने समीक्षाकडे पाहिलं.

“आणि मॅडम... पुस्तकाचं?”

समीक्षाने पेन वहीवर टेकवलं होतं, पण ते पुढे सरकत नव्हतं. “ते आजोबा ठरवतील,” ती म्हणाली.

आजोबांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

“भजी आहेत काय रे? गरम आण.”

दर्शन स्वतः कढईशी उभा राहिला. बशी समोर आली तेव्हा गुरुजींनी एक भजी मोडली, वाफ जाऊ दिली आणि सावकाश चावून खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी. दर्शन शेजारी झारा हातात धरून उभा होता आणि समीक्षा आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. चौथी संपल्यावर त्यांनी रुमालाने बोटं पुसली.

“समीक्षा, लिही गो,” गुरुजी म्हणाले. “हॉटेल जुनं आहे, साक्ष माझी. भजी चांगली, मीठ जरा कमी. आत बसून खाल्ली.”