महाराजांच्या खोलीची भिंत

महाराज शहरात आले की सरदार हैबतरावांच्या हवेलीत उतरत. महाराजांची तिथली खासगी बोलणी इंग्रज रेसिडेंटच्या कानावर जात आणि लोकांचा संशय हैबतरावांवरच होता. त्यांची लेक सगुणाताई मात्र आयुष्यभर सगळ्यांशी भांडत आली, "आबासाहेब तसे नव्हते!"

आज हवेली पाडताना मुकादमाने तिला हाक मारली. महाराजांच्या खोलीच्या भिंतीत माणूस मावेल एवढी पोकळी निघाली होती. तिथे बसायला चौरंग होता आणि कानाच्या उंचीवर बारीक भोक. आत शिरायची वाट आबासाहेबांच्या कपाटातून होती.

"ताईसाहेब, हे कशासाठी हो?"



"ठाऊक नाही," ती म्हणाली. "दुपारी इतिहास मंडळाचे लोक फोटो काढायला येणार आहेत. त्याआधी ही भिंत पाडा."