वास

बायकोला केमोथेरपीसाठी सास्काटूनच्या इस्पितळात न्यायला ओरेस्टने जुनी गाडी घेतली, पण आतल्या कुबट वासाने डारियाला रस्ताभर ओकाऱ्या यायच्या. "पुन्हा या गाडीत बसणार नाही, उपचार गेले खड्ड्यात!" ती म्हणाली. घाबरून त्याने सीट धुतल्या, खायचा सोडा पसरला, कॉफीच्या वाट्या ठेवल्या. वास जाईना. शेजारचा मायरॉन म्हणाला, "काका, तुम्ही घेण्याआधी हिवाळाभर गाडी गव्हाच्या कोठाराशेजारी पडून होती ना? आतल्या हवेचा फिल्टर बघा की!" फिल्टरबरोबर उंदराचं ओलं घरटं बाहेर आलं. ओरेस्टने नवा फिल्टर बसवला, कप्पा व्हिनेगरने पुसला आणि सोमवारी पुढच्या केमोला निघताना तिच्यासाठी दार उघडलं. डारिया आत बसली. डोळे मिटून तिने हळूच हुंगलं. "आईच्या व्हिनेगरमधल्या लोणच्याच्या बरणीसारखा वास येतोय." "पुन्हा पुसतो," तो ओशाळला. "हात लावू नकोस! आधी काकडीचं लोणचं आण. महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागलीय!"