तेलाचा हात

"असे जाऊ नका त्यांच्यापुढं. आधी हात करा इकडं," मठात म्हाताऱ्यांचं करणारी छबुबाई म्हणाली.

महारुद्रानं हात पुढं केले. मठाच्या दारात सय्यद गाडीवाला खोळंबला होता. आईला गाडीत घालायचं, दिवस आहे तोवर सिरसाळ्याची वेस ओलांडायची, परवा परभणीला कापसाच्या जीनवर कामाला हजर व्हायचं. पुन्हा सुट्टी नव्हती.

छबुबाईनं त्याच्या तळव्यांवर तेल ओतलं. चोळलं.

"करडीचं? बाई, घाणा मोडून तीन वर्सं झाली. मानमोडीच्या साथीत घर बसलं सगळं."

"ते तुमाला ठावं. त्यांना न्हाई."

गंगासागरबाई, महारुद्राची आई. ओवरीतल्या नऊ म्हाताऱ्या जिवांतली एक. डोळे गेले. कान गेले.

नाक राहिलं.

छबुबाईनं या नऊ जणांना वासानं धरून ठेवलं होतं. म्हाताऱ्या माळीबाबाच्या उशाला शेवंती. भिवराबाईच्या मुठीत ओवा. लेक ठेवून गेला तेव्हा गंगासागरबाईनं तोंड मिटलं. पाचव्या दिवशी छबुबाईनं हाताला करडीचं तेल चोळलं आणि घास पुढं केला. म्हातारी हसली. "आलास व्हय, म्हारुद्रा?" आणि जेवली.

तेव्हापासून रोज. सोमवार सोडून.

सोमवारी मठात भंडारा. छबुबाई चुलीपाशी अडकलेली. घास दुसरी कुणी भरवायची, कोरड्या हातानं. म्हातारी तोही गोड मानून खायची. ते कसं, हे छबुबाईच्या मनात कधी आलं नाही. तिच्या माहेरी, चकलांब्याला, बैलांना सुट्टी अमावस्येची.

महारुद्र आईपाशी बसला. गाभाऱ्यातला भंडाऱ्याचा धूप, कापूर ओवरीत भरला होता. म्हातारीनं तो ओढून घेतला.

"सोमवार," ती स्वतःशी म्हणाली.

मग त्याचा हात नाकाशी नेला.

थांबली.

पुन्हा हुंगला.

सोडून दिला.

तो कानाशी ओरडला. तिनं तोंड भिंतीकडं केलं. उचलायला गेला तर खांबाला मिठी मारली, धाप लागली, ओठ निळे पडले. छबुबाईनं त्याचे हात राखेनं घासले, चिंचेनं घासले. तेल गेलं. वास गेला नाही. सय्यदनं बाहेरून हाक दिली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा द्यावी लागली नाही. महारुद्र पायरीवर डोकं टेकून निघून गेला.

चुलीकडं न जाता छबुबाई भाकरीचा काला घेऊन बसली. म्हातारी अंधाराला सांगत होती.

"लेक म्हणून आलतं कुणी. मला फशिवतंय. सोमवारी आमी नंदीला जुंपत न्हाई. घाणा बंद. आज म्हारुद्राच्या हाताला तेल कुठलं? सोमवारचा त्यो धुतल्या हातानं येतो."

छबुबाईचा घास हवेत राहिला. तोच हात. सकाळी महारुद्राला तेल चोळलेला, न धुतलेला.

उशीर झाला होता. म्हातारीच्या नाकपुड्या हलल्या. तिनं मनगट पकडलं. हुंगलं. बोटांनी वर चाचपत गेली, कोपरापर्यंत, लुगड्याच्या पदरापर्यंत. पदर तिनं मुठीत धरला.

"मंग रोज येत होता," तिनं विचारलं, "त्यो कोण?"