बॅटरी कोण खातंय?

रागाच्या भरात ईश्वर लेकीला म्हणाला होता, “परत मला फोन करू नगंस.” धम्मप्रिया पुण्याला निघून गेली आणि तिने तो शब्द पाळला. नंतर त्याने केलेला एकही फोन तिने उचलला नाही. कधीतरी ती स्वतःहून करील, एवढ्याच आशेवर तो होता. पण तिनेच घेऊन, सगळं चालू करून दिलेला तो मोबाइल दुपार व्हायच्या आतच मान टाकायचा, आणि तो कामाला जायचा त्या चिंचोळीच्या कारखान्यात चार्जर लावायला बंदी. नेमका तेव्हाच तिचा फोन आला तर?

सात रस्ता चौकातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्याने पोरापुढे हात जोडले. “बाळा, नवी बॅटरी घातली तरी उतरतीया. कायबी कर, पण ह्यो दिवसभर जित्ता ऱ्हायला पायजे.”

दुकानातल्या शोएबने सेटिंग उघडून पाहिली. “मामा, बॅटरी चांगली हाय की. तुमी कुटं हाय, ते लोकेशन दिवसभर कुणाला तरी जातंय. त्येच खातंय बॅटरी.”

“माझा ठावठिकाणा कुणाला लागतोय? टाक बंद करून.”

शोएबने ते बंद केलं. ईश्वर बसथांब्यावर पोचतो न पोचतो, तोच फोन वाजला. पलीकडे धम्मप्रिया होती, रडवेली.



“आबा, बरं हाय न्हवं तुमी? रोज फोन बंद पडला तरी शेवटची जागा दिसायची, आज नकाशावरनं एकदम दिसायचंच बंद झालासा!”